आधी आत्या, मग पोपट

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दोन हट्टांशी माझी गाठ पडायची. एक हट्ट पडद्याच्या दांडीवर बसलेल्या दोन पोपटांचा. ते पिंजऱ्यात जायला तयार नसत. दुसरा माझ्या सासूबाईंचा. त्या अंथरुणावर पडायला तयार नसत. मी बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेतलं की घरी कुणीतरी आपलं ऐकावं, एवढी माफक अपेक्षा माझी असते. त्या दिवसांत ती कुणीही पुरी केली नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायची. आमच्याकडे तीच पद्धत. दोघं नांदेडजवळच्या गावी राहायचे. आदल्या हिवाळ्यात मामांना उपचारासाठी आम्ही हैदराबादला आणलं. एका संध्याकाळी त्यांना धाप लागली म्हणून नवऱ्याने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देत होते, म्हणून आत्या घरी राहिल्या. त्यांनी वेताची खुर्ची दाराजवळ ओढली आणि बसल्या. मामा काही परत आले नाहीत. पहाटे ते गेले, आणि त्यांना घेऊन निघालेली गाडी आमच्या इमारतीखाली थांबली तेव्हा आत्यांनाही खालच्या खालीच तिच्यात बसवलं आणि सगळे गावी गेलो. तिथे माती झाली, पुण्यानुमोदन झालं, आणि गावच्या घरात आता त्यांच्यासोबत राहणारं कुणी नाही म्हणून आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो.

आल्या आल्या त्या पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. दिवसा बसायला माझी ना नव्हती, पण रात्रीही त्या तिथेच. हॉलमध्ये त्यांच्यासाठी मी दिवाण लावला होता, नवी गादी, फुलाफुलांची चादर. त्या चादरीवर साधी सुरकुती पडत नव्हती. हनुवटी छातीला टेकवून आत्या खुर्चीत पेंगायच्या, आणि सकाळी त्यांचे पाय इतके सुजलेले असायचे की चप्पल चढायची नाही. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की हृदय ठीक आहे, मूत्रपिंड ठीक आहे, पण ही बाई पाय वर करून आडवी झाली नाही तर कातडी फुटेल, जखमा होतील आणि चालणं बंद होईल. हे डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं. आत्या म्हणाल्या, "हौ." घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या.

कारण आम्हाला माहीत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. त्यांच्या घरचा एक नेम होता: घरचं माणूस बाहेर असताना अंथरूण टाकायचं नाही. टाकलं तर त्याची वाट सोडली असं होतं. नवरा कॉलेजात असताना सिनेमा बघून कितीही उशिरा घरी आला तरी त्याची माय उंबऱ्याजवळ बसलेली असायची. आता तो रेल्वेत आहे, नामपल्लीहून घरी यायला त्याला नऊ वाजतात, आणि त्याने लॅचमध्ये किल्ली घालायच्या आत आत्या दार उघडून म्हणतात, "आलास का रं?" तो येतो, हातपाय धुतो, जेवतो, झोपतो. आत्या तशाच बसलेल्या. एकदा मी न राहवून म्हणाले, "आत्या, आले की ते. आता पडा." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक आलाय. दुसरे ह्या घरातून गेले ते ह्या घरात आलेच न्हाईत." मी आत जाऊन भांडी आपटली, दुसरं काय.

पोपट आणले ते त्यांना दिवसभर सोबत म्हणून. बँकेतली माझी एक मैत्रीण, माझ्याहून वयाने मोठी, चंचलगुड्याला राहणारी, तिच्याकडचे दोन पोपट द्यायचे म्हणत होती. आपले हिरवे पोपट नव्हेत, ते पाळायला बंदी आहे. हे परदेशी, राखाडी अंगाचे. डोक्यावर पिवळा तुरा आणि गालावर नारिंगी गोल, लहान पोरीने आईची लाली-पावडर पळवल्यासारखे. इकडचे दुकानदार त्यांना कॉकटेल म्हणतात. मैत्रीण म्हणाली, "ले जाओ जी. बहुत सीधे हैं. शाम हुई के अपने आप अंदर जाते." मी पिंजरा, दाण्याचा डबा आणि तिच्या शब्दावरचा विश्वास, तिन्ही घेऊन आले.

सीधे! पहिल्याच संध्याकाळी ते जे पडद्याच्या दांडीवर चढून बसले ते बसलेच.

त्यात पंख्याची भानगड. पोपट बाहेर असले की छताचा पंखा लावता येत नाही, कारण पाखरू पात्यात सापडलं तर संपलं. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी मारलेली होती, त्यामुळे उडून जायची भीती नव्हती, पण वारंही म्हणावं तेवढं येत नव्हतं. आत्यांना त्यांना दिवसभर कोंडलेलं बघवायचं नाही. दुपारच्या चहाला त्या स्वतः पिंजरा उघडायच्या आणि स्वतःच पंख्याचं बटण बंद करायच्या. "मुक्या जीवाला कोंडून वारा खाऊ का म्या?" म्हणायच्या. मी घरी यायची तेव्हा मे महिन्याच्या उकाड्यात हॉलचा तवा झालेला, आत्या वर्तमानपत्राने वारा घेत खुर्चीत, आणि वर दांडीवर दोन तुरे.

मग माझे प्रयोग सुरू झाले. त्यांच्या आवडीचं राळ्याचं कणीस पिंजऱ्यात बांधलं. मादी आत गेली, कणसातले चार दाणे उपटले आणि मी दाराकडे हात नेईपर्यंत बाहेर. दिवे मालवले. अंधारात ते दोघं शांत बसले आणि मी स्टुलाला अडखळून पडले. टॉवेल टाकून धरायला गेले तर नराने माझं बोट असं चावलं की दुसऱ्या दिवशी नोटा मोजताना डोळ्यांत पाणी येत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हेल्मेट घालून हॉलमध्ये आला. हेल्मेटची काच खाली, हातात चाळणी. पोपटांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दोघंही त्याच्या हेल्मेटवर जाऊन बसले. आत्या त्या दिवशी मामांनंतर पहिल्यांदा हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या.

आम्ही दमलो की ते कधीतरी पेंगुळायचे आणि मग हाताने उचलून आत ठेवावं लागायचं. आतही रात्रभर स्वस्थ नसायचे, फडफडायचे. एकदा सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी रक्ताचे थेंब आणि एक तुटलेलं पीस सापडलं. त्या दिवशी मी जाहीर केलं की येत्या रविवारी मी ह्यांना परत देऊन टाकते, मला एका घरात इतके हट्ट झेपत नाहीत. आत्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्यांना वाटलं असावं मी त्यांनाही त्यात धरलं. धरलंच होतं.

त्याच आठवड्यात उकाड्याने आत्यांना चक्कर आली. मी नुकतीच बँकेतून आले होते. त्या खुर्चीतून उठायला गेल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी काहीही न ऐकता त्यांना धरून दिवाणावर नेलं, पाय उचलून वर ठेवले, पायांखाली लोड दिला. "जरा वेळ," त्या म्हणाल्या, "बरं वाटलं की उठते म्या." मी लिंबू-साखर-मिठाचं पाणी करायला स्वयंपाकघरात गेले. ग्लास घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले.

नर पोपट दांडीवर इकडून तिकडे सरकला. मान वाकडी करून त्याने दिवाणाकडे बघितलं. मग खुर्चीकडे, मग पुन्हा दिवाणाकडे. त्याने खालच्या आवाजात एक शीळ दिली, तशी मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मग तो उडाला तो सरळ पिंजऱ्याच्या दारावर. मादी त्याच्या मागून. दोघं एकामागून एक दारातून आत शिरले, वरच्या काडीवर चढले आणि एकमेकांना खेटून बसले. बाहेर अजून उजेड होता. मी हलले नाही.

आत्या छताकडे बघत म्हणाल्या, "पाणी आणतीस का उभीच राहतीस?"

मी पंखा लावला. दुसऱ्या दिवशी आत्या बऱ्या होत्या, खुर्चीत होत्या, आणि पोपट दांडीवर. त्यांनीही काल उकाड्याने मान टाकली असेल, असं मी ठरवून टाकलं. पण डोक्यातून ती शीळ जाईना. शेवटी मैत्रिणीला फोन केला आणि आवाज चढवूनच विचारलं की तुझे हे सीधे पोपट कोणत्या मुहूर्तावर आत जातात ते एकदा सांग.

मग ती म्हणाली, "अम्मी लेटते थे ना जी हॉल में. शाम कू मग़रिब की नमाज़ पढ़े, लेट गए, के ये दोनों अंदर. हम कुछ नईं करते थे." पुढे म्हणाली, "अम्मी गुज़र गए उसके बाद ये लोगां रोज़ ऊपर बैठ के पलंग कू देखते रहते. मेरे से देखा नईं जाता था. इसलिए दे दी. तुम कू बोली नईं, माफ़ करो."

तिची आई गेली तेव्हा मी तिच्या घरी जाऊन आले होते. त्या हॉलमध्ये बसले होते. पोपटांचा पिंजरा कोपऱ्यात होता, तोही आठवतो. पण त्या दोन पाखरांनाही कुणी गेल्याचं काही वाटत असेल हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. माझ्या घरी आल्यापासून ती दोघं रोज संध्याकाळी वर बसून बघत होती की ह्या घरातली म्हातारी बाई कधी पडते. त्यांना माझं कणीस नको होतं, अंधार नको होता. एक माणूस निवांत आडवं झालेलं बघायचं होतं, आणि तेवढं एक आमच्या घरात होत नव्हतं. मी सांगते, मी देवभोळी नाही, आमच्या घरात चमत्काराला जागाच नाही. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ त्या दांडीकडे बघत बसले. एवढंसं डोकं, सुपारीएवढं, आणि त्यात हे सगळं मावलेलं.

आत्यांना मी जसंच्या तसं सांगितलं. काही जोडलं नाही, उपदेश केला नाही, जे माझ्या स्वभावाला फार जड जातं. त्यांनी आधी झटकून टाकलं. "पाखराला काय कळतंय, बाई." मग दांडीकडे बघितलं. दोघं तिथून खाली बघत होते. आत्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे त्यांचंबी माणूस गेलंय," त्या म्हणाल्या.

"हो, आत्या."

"आन् म्या बसले की ते बसतेत."

त्या खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या, दिवाणाशी गेल्या, फुलांच्या चादरीवरून हात फिरवला. "अंथरूण टाकलं म्हनू नको हां मला," असं मला बजावून त्या पडल्या. "ह्यांच्यासाठी पडतेय. सोंग हाय."

तीच शीळ. तेच सरकणं, तीच वाकडी मान. मग आधी तो, मागून ती. आत्या मान कलती करून बघत होत्या, आणि दुसरी आत गेली तेव्हा त्यांच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं. मी पिंजऱ्याचं दार लावलं, वर कापड टाकलं, पंखा लावला. त्या दिवशी मी देवाला न मानणारी बाई पंख्याखाली हात जोडून उभी होते, वाऱ्यासाठी की कशासाठी ते आता सांगता येणार नाही.

आत्या काही एवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हत्या. कापड पडलं की त्या गुपचूप उठून परत खुर्चीत. पण वेताची खुर्ची जुनी, बसलं की करकरायची, आणि ती करकरली की कापडाआडून दोघं कर्कश ओरडायचे. आत्या उठायच्या, दिवाणावर पडायच्या, आत चिडीचूप. पुन्हा खुर्ची, पुन्हा ओरडा. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि हसू दाबत होते. शेवटी आत्या हरल्या. "लई जाच हाय बाबा ह्यांचा," म्हणून त्या दिवाणावरच राहिल्या, डोळे टक्क उघडे ठेवून. नवरा नऊला आला तेव्हा त्यांनी आडव्या आडव्याच विचारलं, "आलास का रं?" तो दारात एक बूट काढून तसाच थबकला.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. त्या वाट बघत होत्याच, फक्त पडून. लेक आल्याशिवाय डोळा लागू द्यायच्या नाहीत, आणि तो झोपल्यावरही बराच वेळ दाराकडे तोंड करून जाग्याच असायच्या. पण पाय वर होते. पावसाळा लागता लागता घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं, खळगा पडला नाही. त्यांनी विचारलं की काय केलंत. नवरा म्हणाला, "पोपट पाळले." डॉक्टर हसले. आम्ही पुढे काही सांगितलं नाही. सांगूनही त्यांना पटलं नसतं.

हिवाळ्यात नामपल्लीचं प्रदर्शन लागलं. मामा गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आम्ही दोघं कित्येक वर्षांत तिथे गेलो नव्हतो. आत्याच म्हणाल्या, जाऊन या, मला कसली सोबत लागते. गर्दी होती, नवऱ्याने मला काचेच्या बांगड्या घेतल्या, माझ्यासाठी वीस दुकानं फिरला म्हणून मी त्याच्यावर एकदाही ओरडले नाही. परत निघालो तेव्हा रिक्षा मिळेना, मग मिळाली ती गर्दीत अडकली. घरी यायला नेहमीपेक्षा उशीर झाला होता.

जिना चढून आलो. नवऱ्याने किल्ली काढली आणि दारासमोर तशीच हातात धरून थांबला. मीही थांबले. किल्ली खुळखुळली की आतून पडल्या पडल्या येणारं "आलास का रं?" आलं नाही. आतून काही आवाज नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतः कुलूप उघडलं.

हॉलमध्ये छोटा दिवा होता. पिंजऱ्यावर कापड टाकलेलं, चारी बाजूंनी नीट ओढलेलं. दिवाणावर आत्या भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून पडलेल्या. अंगावर पांघरूण होतं. नवरा चपला न काढताच आत गेला, वाकला आणि आईच्या नाकासमोर बोटं धरून उभा राहिला. मग त्याने बोटं मागे घेतली, आणि मलाही ऐकू आलं. आत्या घोरत होत्या. चांगल्या मोठ्याने.

तो तिथेच फरशीवर बसला. पन्नाशीचा माणूस, पाठ दिवाणाला टेकवून, डोळे पुसत. "झोपली," तो म्हणाला. "आपण बाहेर असताना झोपली." मी त्याच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि असंही वाटत होतं की आपण काहीतरी फार मोठं बघतोय, ज्याला आपला धक्का लागता कामा नये. कापडाआड एक पोपट झोपेत चोच घासत होता. आम्ही दोघंही जेवायला उठलो नाही.

सकाळी आत्या उठल्या त्या घाबऱ्याच. "कवा आलात रं? मला कळलंच न्हाई." त्या खाली बघत होत्या, चोरी पकडल्यासारख्या. "म्या अंथरूण टाकून झोपले. तुमची वाट सोडली म्या."

"सोडली कुठं, माय," नवरा म्हणाला. "तू झोपलीस, आणि आम्ही आलो. आलोच की."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग पदराने तोंड पुसून त्या हळूच म्हणाल्या, "मंग तुझ्या मामांस्नीबी राग आला नसंल," आणि उठून पिंजऱ्यावरचं कापड काढायला गेल्या.